कुस्कोक्विम नदीकाठचा रेडिओ

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले दोन-चार आकडे छपाईसाठी घातले आहेत.)



समितीने मला विषय दिला 'प्रसारमाध्यमे आणि समाज'. विषय मोठा आहे. वर्तमानपत्र, टी.व्ही., मोबाईल सगळं घेऊन बसलो तर संध्याकाळचं भोजनदान थंड होईल आणि तुम्ही मला पुढच्या वर्षी बोलावणार नाही. म्हणून मी त्यातलं एकच धरलं आहे. एक रेडिओ केंद्र. तेही आपल्या देशातलं नाही, पार अमेरिकेच्या टोकाला, बर्फात असलेलं. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करणारा माणूस. तिथं मी गेलेलो नाही आणि जाण्याची ऐपतही नाही. पण गेलं दीड वर्ष त्या केंद्राविषयी मिळेल ते वाचतो आहे, वाचनालयात आणि पुतण्याच्या मोबाईलवर. कारण तिथं जे घडलं ते ऐकण्यासारखं आहे.

अलास्का हे नाव मुलांनी भूगोलात वाचलं असेल. रशियाच्या राजाने १८६७ साली हा मुलूख ७२ लाख डॉलर्सना अमेरिकेला विकून टाकला. तिथं हजारो वर्षं राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही. १९५९ साली ते अमेरिकेचं राज्य झालं. या राज्याच्या पश्चिमेला युकॉन आणि कुस्कोक्विम अशा दोन मोठ्या नद्या समुद्राला मिळतात. त्या दोन नद्यांच्या मुखाकडचा जो सपाट, पाणथळ, झाडझाडोरा नसलेला प्रदेश, तो आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा कमी भरेल. आणि माणसं किती? सुमारे पंचवीस हजार! आपल्या एका वॉर्डात याहून जास्त मतदार निघतील. ही पंचवीस हजार माणसं पन्नासच्या वर लहान-लहान गावांत विखुरलेली. एखाद्या गावात चारशे, एखाद्यात सातशे. एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून बर्फावर चालणारी गाडी, नाहीतर छोटं विमान.

या भागाचं मुख्य गाव बेथेल. लोकवस्ती सहा हजारांच्या वर. अँकरेज हे अलास्काचं मोठं शहर तिथून सुमारे ६४० किलोमीटर पूर्वेला, म्हणजे विमानाने मुंबई-नागपूर जेवढं जवळपास तेवढं. मध्ये रस्ता नाही, रेल्वे नाही. साखरेपासून पलंगापर्यंत सगळं विमानाने नाहीतर उन्हाळ्यात बार्जने यायचं.

तिथले लोक बहुतेक युपिक. त्यांच्या भाषेत 'युक' म्हणजे माणूस आणि 'युपिक' म्हणजे खरा माणूस. आता गंमत बघा, या बेथेल गावात १९७१ साली जे रेडिओ केंद्र सुरू झालं त्याचं नाव के-वाय-यू-के. अमेरिकेत प्रत्येक केंद्राला अशी अक्षरं मिळतात. यातली शेवटची तीन अक्षरं जोडून वाचा, 'युक' होतं. माणूस!

हे केंद्र कुणा शेठजीचं नाही आणि सरकारचंही नाही. बेथेल ब्रॉडकास्टिंग नावाची तिथलीच एक बिगर-नफा संस्था ते चालवते. मूळ रहिवाशांच्या मालकीचं आणि त्यांनीच चालवलेलं असं हे अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक रेडिओ केंद्र म्हणून ओळखलं जातं. यावर जाहिराती नाहीत. म्हणजे एखाद्या दुकानदाराने मदत दिली तर 'अमुक यांच्या साहाय्याने' एवढं नाव घेता येतं. पण 'आमच्याकडे या, स्वस्त मिळेल, त्वरा करा' हे म्हणता येत नाही, भावही सांगता येत नाही. तसा त्यांच्याकडे नियमच आहे. आपल्याकडच्या एफ.एम.वर दर दोन गाण्यांमागे प्लॉट विकायला निघतात, त्यांच्या मानाने ही केवढी शांतता!

आता जरा यंत्राचं सांगतो, कारण यंत्राशिवाय हा विषय कळायचा नाही. के-वाय-यू-के हे मिडीयम वेव्हवरचं केंद्र आहे, ६४० किलोहर्टझ, आणि ताकद १० हजार वॅट. मिडीयम वेव्ह म्हणजे ज्यावर आपण जन्मभर आकाशवाणी ऐकली ती. एफ.एम.चा आवाज गोड असतो खरा, पण त्याची लहर आखूड. ती टॉवरवरून दिसतं तेवढ्या अंतरावर जाते आणि जमिनीच्या गोलाईपुढे थांबते. मिडीयम वेव्हची लहर लांब असते. ६४० किलोहर्टझची एक लहर सुमारे ४७० मीटरची होते. ती जमिनीला धरून सरकत जाते, रात्री तर आकाशातून परतून आणखी लांब पडते. सपाट, ओल्या जमिनीवर ती छान पसरते. त्यामुळे एकच ट्रान्समीटर एवढ्या मोठ्या मुलुखाला पुरतो. आणि ऐकणाऱ्याला काय लागतं? एक साधा रेडिओ आणि दोन सेल. खरखर येते, पण बोलणं समजतं. आमच्या खात्यात साचे चालू असताना शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं, त्यामुळे 'बोलणं समजतं' याची किंमत मला कुणी शिकवायला नको!

बरं, या रेडिओवर लागतं काय? बातम्या लागतात, इंग्रजीत आणि युपिकमध्ये. 'युक टू युक' नावाचा बोलण्याचा कार्यक्रम आहे. नावाप्रमाणेच माणसाने माणसाशी बोलायचं, युपिकमध्ये. उन्हाळ्यात मासळीवरचा कार्यक्रम असतो. त्यात लोक फोन करून बोलतात आणि मासेमारी खात्याच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण तसं नाही. तिथल्या लोकांचं वर्षभराचं अन्न म्हणजे नदीतला सामन मासा. उन्हाळ्यात पकडायचा, कापायचा, धुरावर सुकवायचा आणि हिवाळाभर खायचा. गेल्या काही वर्षांत मोठा सामन कमी झाला. त्यामुळे सरकारने बंधनं घातली. अमुक दिवशी, अमुक इतके तासच जाळं टाकायचं. ती वेळ ज्याला कळली त्याच्या घरात मासा आला. ज्याला कळली नाही तो एक तर उपाशी, नाहीतर चुकीच्या वेळी जाळं टाकून गुन्हेगार. मग ती वेळ सांगणारा रेडिओ म्हणजे रेशन दुकानाच्या फळीवरची सूचनाच झाली की नाही?

तसंच नदीचं. हिवाळ्यात कुस्कोक्विम नदी गोठून रस्ता होतो. तिच्यावरून मोटारी चालतात, बर्फ बाजूला करून मैलच्या मैल वाट काढतात. पण बर्फ कुठे जाड, कुठे पातळ, कुठे मध्येच उघडं पाणी, हे कळलं नाही तर गाडीसकट माणूस आत. शोध आणि बचावाचं काम करणारे तिथले स्वयंसेवक पाहणी करून येतात आणि त्यांचे इशारे रेडिओवरून सांगितले जातात. मग वसंत ऋतूत नदी फुटते. त्यांच्याकडे नदी 'फुटते' म्हणजे बर्फाचे डोंगराएवढे तुकडे होऊन वाहायला लागतात. ते एखाद्या वळणावर अडकले की मागच्या गावात पूर. त्या दिवसांत रेडिओवर खास कार्यक्रम असतो आणि वरच्या गावचा माणूस फोन करून सांगतो, आमच्याकडचं बर्फ निघालं बरं का, तुम्ही सावध राहा. खालचं गाव होड्या वर ओढतं. यात साहेब कुणी नाही आणि वार्ताहरही कुणी नाही. नदीकाठचा प्रत्येक माणूसच वार्ताहर.

शिवाय शाळांच्या बास्केटबॉलचे सामने आहेत. कुत्र्यांच्या गाड्यांची 'कुस्कोक्विम ३००' नावाची शर्यत आहे, १९८० पासूनची, तिचं वर्णन ऐकायला घरंच्या घरं जागी राहतात. फोन घरोघरी पोचले नव्हते त्या काळात अलास्कातली कितीतरी केंद्रं लोकांचे खासगी निरोप वाचून दाखवत. विमानाने कोण येणार आहे, दवाखान्यात कोणाची तब्येत कशी आहे, बाळंतपण झालं, मुलगा की मुलगी. सगळ्या मुलुखाला कळायचं. आपल्या चाळीत काय वेगळं होतं? नळावर जे कळायचं तेच तिथं रेडिओवर कळायचं!

आता मी मुद्द्यावर येतो. भाषेच्या.

त्या भागातल्या मुलांना शाळेत त्यांची भाषा बोलली म्हणून शिक्षा होत असे. हे एखाद्या गावापुरतं नव्हतं, अलास्काभर होतं. गावात हायस्कूल नव्हतं, त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांचं पोर आईबापापासून तोडून शेकडो, काही वेळा हजारो किलोमीटर लांबच्या निवासी शाळेत धाडत. पोर परत यायचं तेव्हा आजीशी बोलायला त्याच्याकडे शब्द नसायचे. गोऱ्यांच्या वस्तीला मात्र गावातच हायस्कूल. शेवटी एमोनाक आणि नुनापिचुक या गावांतल्या मुलींची नावं पुढे करून राज्यावर दावा लावला गेला. मॉली हूच ही त्यातली पहिली, तिच्या नावाने हा खटला ओळखतात. १९७६ साली तडजोड झाली आणि सरकारला १२६ गावांत हायस्कूल देण्याचं कबूल करावं लागलं. एका शाळकरी मुलीच्या नावाने शंभरावर शाळा! आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं, म्हणून विषय सोडून सांगितलं.

तर ज्या भाषेसाठी शाळेत मार बसत होता, तीच भाषा १९७१ नंतर रेडिओतून यायला लागली. तिच्यात हवामान यायला लागलं, सरकारी निर्णय यायला लागले, म्हाताऱ्यांच्या गोष्टी यायला लागल्या. घरात जी कुजबुजत बोलायची ती भाषा अधिकृत यंत्रातून मोठ्याने ऐकू आली की तिच्याविषयीची लाज जाते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आपल्यातल्या एखाद्याची बोली भरसभेत माईकवरून आली आणि टाळ्या पडल्या, की मागच्या रांगेतल्या म्हातारीचा चेहरा कसा होतो ते आपण याच विहारात पाहिलं आहे.

ही भाषा सोपी नाही. आपल्या एका अख्ख्या वाक्यात जेवढं येतं तेवढं त्यांच्या एका लांबलचक शब्दात येतं. बोलणारे सुमारे दहा हजार उरले आहेत. इंग्रजी बातमी त्या भाषेत आणायची म्हणजे शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. अर्थ पोटात घालून पुन्हा बाहेर काढावा लागतो. जॉन ॲक्टिव्ह नावाचे एक गृहस्थ तिथं अनेक वर्षं हे काम करत. बातम्यांचा अनुवाद करायचा, गोष्टी सांगायच्या. २०१८ साली ते वारले. या केंद्राकडे पन्नास वर्षांतल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती साठवलेल्या आहेत. त्यांत आता हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे आवाज आहेत. होडी कशी बांधायची, हवा कशी ओळखायची, सीलचं मांस कसं वाटून घ्यायचं, सगळं. मला विचाराल तर ट्रान्समीटर गेला तर नवीन आणता येईल. ह्या फिती गेल्या तर मात्र काही आणता येणार नाही. म्हणून त्या संगणकात उतरवून घेण्याचं काम चाललं आहे.

मतदानाचंही सांगतो. २००७ साली बेथेल भागातल्या युपिक मतदारांनी न्यायालयात दावा लावला. मतपत्रिका इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, मतदान केंद्रावर समजावून सांगणारा कुणी नाही, मग आम्ही मत कशाला आणि कसं द्यायचं? कायद्याप्रमाणे त्यांच्या भाषेत मदत देणं सरकारवर बंधनकारक होतं. न्यायालयाने त्यांची बाजू धरली आणि २०१० मध्ये तडजोड झाली. निवडणुकीची माहिती युपिक भाषेत द्यायची ठरलं, आणि ती देण्याचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? रेडिओ. ज्याला वाचता येतं त्यालाही आणि ज्याला येत नाही त्यालाही तो सारखाच.

इतका वेळ गोड-गोड बोललो. आता पैशाचं.

जाहिरात नाही म्हटल्यावर केंद्र चालणार कशावर? पगार आहेत, विजेचं बिल आहे, अतिथंडीत उभा असलेला टॉवर आहे. अमेरिकेत १९६७ साली जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला आणि एक महामंडळ निघालं. संसद या महामंडळाला पैसे द्यायची, महामंडळ ते देशभरच्या सुमारे पंधराशे केंद्रांना वाटायचं. पैसे दोन वर्षं आधीच मंजूर होत. का? तर आज दिलेल्या बातमीचा राग उद्याच्या अनुदानावर निघू नये म्हणून. कायदा करणाऱ्यांनी हा विचार केला होता, याचं मला कौतुक वाटतं. एकूण खर्च वर्षाला सुमारे ५३ कोटी डॉलर्स. ऐकायला मोठा, पण अमेरिकेतल्या माणशी दीड डॉलरच्या आसपास. एक कप कॉफीसुद्धा येत नाही म्हणतात.

आता यातली मेख बघा. न्यूयॉर्क, बोस्टन अशा शहरांतल्या केंद्रांना श्रोते लाखो, त्यांत पैसेवाले पुष्कळ, देणग्या भरपूर. महामंडळाचे पैसे म्हणजे त्यांच्या ताटातली कोशिंबीर. बेथेलच्या केंद्राचं मात्र सुमारे ७० टक्के उत्पन्न तेच. म्हणजे भाकरीच ती. राज्य सरकारची थोडी मदत होती, तीही २०१९ साली अलास्काच्या गव्हर्नरने नकाराधिकार वापरून कापली.

आणि २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकन संसदेने आधी मंजूर केलेले दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर्स परत घ्यायचे ठरवले. सेनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८, खालच्या सभागृहात २१६ विरुद्ध २१३. बघा, किती थोडक्यात गेलं. २४ जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही झाली. पुढच्या आठवड्यात महामंडळाने आपलं काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पन्नासहून अधिक वर्षांची संस्था!

ही चर्चा सेनेटमध्ये चालू असताना निसर्गानेच मध्ये तोंड घातलं. १६ जुलैला अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ७.३ रिश्टरचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. किनाऱ्यावरच्या छोट्या सार्वजनिक रेडिओ केंद्रांनीच लोकांना 'उंचावर जा' म्हणून सांगितलं. लिसा मुर्कोव्स्की या अलास्काच्या सेनेटर. त्या सत्ताधारी पक्षाच्याच, पण कपातीला विरोध करणाऱ्या. त्यांनी हे लगेच लोकांपुढे ठेवलं. मोठी लाट त्या दिवशी आली नाही. मतंही त्यांच्या बाजूने आली नाहीत.

आता न्यायाने बोलायचं तर कपात करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. त्यांचं म्हणणं असं की, वॉशिंग्टनच्या मोठ्या सार्वजनिक वाहिन्या एका बाजूला झुकलेल्या आहेत, मग सगळ्यांच्या कराचा पैसा त्यांना का? ज्याला ऐकायचं त्याने वर्गणी द्यावी. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. सरकारी पैशावर चालणारा आवाज उद्या सरकारचीच आरती करील ही भीतीही खरी आहे, आपण ती टी.व्ही.वर रोज बघतो, आणि त्यांतल्या काहींना तर सरकारी अनुदानसुद्धा लागत नाही! पण वॉशिंग्टनच्या वाहिनीवर राग आणि बेथेलच्या पोटावर पाय, हा कुठला न्याय? राजधानीत कोण काय बोललं याच्याशी नदीवरचं बर्फ किती जाड आहे हे सांगणाऱ्याचा काय संबंध? सर्वांना सारखी कात्री लावली असं म्हणतात. पण ज्याच्या अंगावर चार कपडे आहेत त्याचा एक कापला आणि ज्याच्या अंगावर एकच आहे त्याचाही एक कापला, तर ती सारखी कात्री कशी? आदिवासी भागातल्या काही केंद्रांना दुसऱ्या खात्यातून सुमारे ९४ लाख डॉलर्स देऊ असं आश्वासन मत मिळवताना दिलं गेलं. काही धर्मादाय संस्थांनीही निधी उभा केला. पण देणगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर. हक्काचे पैसे आणि मेहेरबानीचे पैसे यांतला फरक या सभेत समजावून सांगायची मला गरज नाही.

दुसरं म्हणणं असं की, आता मोबाईल आला, इंटरनेट आलं, रेडिओ हवा कशाला? मलाही माझ्या पुतण्याने हेच विचारलं. त्याला मी अलास्काचंच उदाहरण दिलं. तिथल्या उत्तर आणि वायव्य किनाऱ्याला इंटरनेट देणारी समुद्राखालची केबल २०२३ च्या जूनमध्ये बर्फाने घासून तुटली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा तुटली. दुरुस्ती करायची तर समुद्रावरचं बर्फ वितळेपर्यंत जहाजच जात नाही. कितीतरी महिने गावंच्या गावं अडचणीत. बेथेल त्या केबलवर नाही, पण धडा तोच. गावांत वीज डिझेलच्या जनरेटरवर. ती गेली की मोबाईलचा टॉवर गप्प. सेलवरचा रेडिओ मात्र चालू.

आणि मग ऑक्टोबर आला. पैसे बंद झाल्याला तीन महिनेही झाले नव्हते. 'हालोंग' नावाचं चक्रीवादळ जपानकडून पॅसिफिक ओलांडत आलं आणि ११-१२ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री त्याचं उरलेलं बळ या किनाऱ्यावर आदळलं. किपनक आणि क्विगिलिंगॉक ही समुद्रालगतची दोन गावं. पाणी इतकं चढलं की लाकडी घरं पायासकट उचलली गेली आणि आत माणसं असताना तरंगत निघाली. अंधारात घर चाललं आहे आणि कुठे चाललं आहे ते माहीत नाही! क्विगिलिंगॉकमध्ये एक बाई मृत सापडल्या, दोघेजण बेपत्ता झाले. पंधराशेच्या वर लोक बेघर झाले. मग लष्कराच्या विमानांनी लोकांना आधी बेथेलला आणि तिथून अँकरेजला हलवलं. अलास्काच्या इतिहासातल्या मोठ्या हवाई स्थलांतरांपैकी हे एक. अन्न सुकवून ठेवलेलं, तेही गेलं. शिकारीची साधनं, होड्या गेल्या. कबरींवरचे क्रूससुद्धा पाण्याने उखडले.

या सगळ्या दिवसांत बेथेलचं केंद्र बोलत होतं. इंग्रजीत आणि युपिकमध्ये. कुठे निवारा आहे, काय मदत मिळते आहे, कुठल्या गावाची काय स्थिती, पुढे हवा कशी राहील. ज्या केंद्राचं ७० टक्के उत्पन्न तीन महिन्यांपूर्वी कापलं होतं, तेच केंद्र. विचार करा, अँकरेजच्या मोठ्या सभागृहात खाटेवर बसलेली एखादी सत्तर वर्षांची आजी. सगळीकडे इंग्रजी, फॉर्म इंग्रजीत. तिला तिच्या भाषेत 'तुमच्या गावात असं-असं झालं आहे' म्हणून सांगणारं कोण?

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय? आपल्याकडेही आहे आणि लांब नाही. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे, आपल्या बीदर-उदगीरच्या बाजूचं. तिथं दलित बायकांनी चालवलेला 'संगम रेडिओ' आहे, ९०.४ एफ.एम. शेतात मजुरी करणाऱ्या बायकांच्या संघांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या मदतीने तो उभा केला. खोली, यंत्र सगळं १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीने तयार झालं होतं. पण सरकारचा परवाना नाही. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं होतं, तरी परवाना नाही. त्या बायका काय करायच्या? कार्यक्रम कॅसेटवर भरायच्या आणि संघाच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर ऐकवायच्या. दहा वर्षं! २००६ मध्ये धोरण बदललं, सामाजिक संस्थांना परवानगी मिळाली आणि १५ ऑक्टोबर २००८ ला केंद्र खऱ्या अर्थाने हवेत गेलं. बियाणं कसं राखायचं, ज्वारी-बाजरी, दवापाणी, लग्नातली गाणी, सगळं त्यांच्या बोलीत. आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी बायकांचं असंच केंद्र आहे, तेही २००८ चं.

पण फरक ऐका. आपल्याकडे अशा केंद्राला ताकद दिलेली जेमतेम ५० वॅटच्या ट्रान्समीटरची, पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत आवाज जातो. बेथेलला १० हजार वॅट. आणि आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या, बस. पाऊस, परीक्षा, बाजारभाव सांगा, पण पंचायतीत काय घोटाळा झाला ते बातमी म्हणून सांगायचं नाही. बेथेलचा वार्ताहर शहर समितीच्या बैठकीत जाऊन बसतो आणि संध्याकाळी रेडिओवर सांगतो की कोण काय बोललं. हा मोठा फरक आहे. बियाण्याचं ज्ञान द्यायचं आणि बातमीचा हक्क द्यायचा नाही, हे अर्धं देणं झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबई आकाशवाणीवर पूर्वी 'कामगार सभा' लागायची, इथं बसलेल्या जुन्या लोकांना आठवत असेल. कामगारांसाठीचा कार्यक्रम होता, त्यातली गाणी आम्ही आवडीने ऐकली. पण संप झाला, टाळेबंदी झाली, पगार अडकला, तेव्हा त्यावर कामगाराने स्वतः बोलावं अशी काही सोय नव्हती. आमच्यासाठी होता, आमचा नव्हता. बेथेलच्या रेडिओचं हेच वेगळेपण मला वाचताना पहिल्यांदा जाणवलं आणि मी पुढे वाचत गेलो.

अध्यक्ष महोदयांनी मघाशी घड्याळ दाखवलं, ते मी पाहिलं आहे. महिला मंडळाच्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे की, त्या भाषेत आभार कसे मानतात? युपिकमध्ये 'कुयाना' म्हणतात. तेव्हा कुयाना. ज्या मुलांना ६४० किलोहर्टझ म्हणजे काय आणि लहर मोजतात कशी हे विचारायचं असेल त्यांनी भोजनानंतर मागच्या खोलीत यावं. मी एक जुना मिडीयम वेव्हचा रेडिओ आणला आहे, तो उघडून दाखवतो. जयभीम.